माळ आईची, पावती नवऱ्याची

शहापूर-मुरबाडकडच्या बायका आईकडून आलेल्या पुतळ्यांच्या माळेविषयी सांगतात, ‘कस कमी निघाला, डागाची घट गेली.’ सांगितलं कुणी? नवऱ्याने. काटा बाईने पाहिलेलाच नसतो! गिनीचं सोपं आहे: ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट. कडी डागलेली असेल तर वजन थोडं जास्तच भरेल. पुतळीचा कस मात्र सोनारागणिक वेगळा. भारतीय मानक ब्युरोच्या मान्यताप्राप्त केंद्रात हॉलमार्क नसलेला जुना दागिनाही फी भरून तपासून मिळतो. पण त्यासाठी माळ बाईच्या हातात हवी ना? स्त्रीधनावर मालकी बाईचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. मग पेढीवर ती मागे बाकावर का, आणि पावती नवऱ्याच्या नावाने का?