चूक कार्यालयाची, वसुली कुणाकडून?
सरकारी वेतननिश्चितीतली चूक होते कार्यालयात, उमगते निवृत्तीच्या तोंडावर आणि वसुलीचे पत्र येते मोरव्यासारख्या गावातल्या एखाद्या शिपायाच्या घरी. अशा वेळी हबकून जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह खटल्यात सांगितले आहे : तृतीय-चतुर्थ श्रेणीतले, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे कर्मचारी यांच्याकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा दिले गेलेले वेतन वसूल करता येत नाही. मात्र कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसावी. ‘जादा रक्कम परत करीन’ असे हमीपत्र दिले असेल, तर त्याच न्यायालयाच्या २०१६च्या जगदेव सिंग निकालाचा दाखला देऊन कार्यालय वसुली मागू शकते. तेव्हा वेतननिश्चितीच्या कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचा आणि त्याची प्रत मागून घ्या.