चेहऱ्यावरचे पुरळ आणि वेगळी कपबशी



कोरेगाव तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका मावशींना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. विडी-तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी गाठीची तपासणी करून रोज एक गोळी सुरू केली. दहा-बारा दिवसांत नाकावर, गालांवर, छातीवर लाल पुटकुळ्या उठल्या. शेजारणी म्हणाल्या, देवी आली. कुणी कडुलिंबाचा पाला चोळला, कुणी मुरुमांचे मलम दिले. त्याने कातडी आणखीच सोलली. घरात मावशींची कपबशी वेगळी झाली. शेवटी त्यांनी गोळीच सोडली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आठ दिवस झाले होते.

वेगळ्या कपबशीचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आधी हेच सांगतो, की हे पुरळ कुणालाही लागत नाही. ते देवीचे नव्हे आणि मुरुमेही नव्हेत.

मग ते येते कशाने? पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारे एक प्रथिन शरीरात असते. त्याच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही कर्करोगांच्या पेशी याच हुकुमाच्या वाटेने वाढत राहतात. जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या आणि सेटुक्सिमॅब हे इंजेक्शन ती वाट अडवतात. पण निरोगी कातडीलाही तीच वाट लागते. ती अडली की कातडी कोरडी पडते, पुरळ उठते.

काय करावे? कोमट पाण्याने, सौम्य साबणाने अंग धुवावे, घासू नये. बिनवासाचे, कातडी मऊ ठेवणारे मलम दिवसातून दोनदा लावावे. उन्हात छत्री किंवा पदर घ्यावा, एसपीएफ ३० चे मलम लावावे. पुटकुळ्या फोडू नयेत. मुरुमांची मलमे टाळावीत. डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनचे मलम व डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे देतात. त्या आपल्या मनाने आणू नयेत. पू, ताप, फार वेदना, डोळ्यांची लाली किंवा नखांच्या कडेला सूज दिसल्यास लगेच दवाखाना गाठावा.

गोळी कमी करायची की थोडे दिवस थांबवायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा ३५० रुग्णांवरील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या जेफिटिनिबने आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, केमोथेरपीची जोड दिल्यावर १६ महिने. जिथे आयुष्याचे महिने मोजावे लागतात, तिथे पुरळाच्या लाजेने आठ दिवस घालवणे परवडणारे नाही.

आम्ही मावशींना रेल्वेने मिरजेला नेले. उपचार झाले, डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. परवा त्यांच्या घरी गेलो, तर चेहरा बराच निवळला होता. सुनेने चहा आणला. सगळ्या कपबशा एकाच ताटात होत्या.