बळ आणि कसब
तिलारीच्या घाटमाथ्यावरील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई याने 2018-19च्या प्रो कबड्डीत यू मुंबा संघाकडून चढाईचे 218 गुण मिळवले, तेव्हा ‘बाहुबली’ या टोपणनावासोबतच, बास्केटबॉलमधील धिप्पाड शकील ओनीलच्या वाट्याला आलेला, हे निव्वळ देहबळ असल्याचा आक्षेपही त्याला चिकटला. हा आक्षेप उथळ आहे. कारण चढाईत, म्हणजे एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरून गडी बाद करून परतण्यात, पकड बसल्यावर मध्यरेषेकडे झेपावताना भार कोणत्या पायावर टाकायचा, आणि साखळी, म्हणजे हात धरून उभे असलेले बचावपटू, कुठे सैल आहे, हे क्षणात ओळखावे लागते. डुबकी, म्हणजे बचावपटूंच्या हातांखालून निसटणे, ही चढाईपटू प्रदीप नरवालची खासियत सिद्धार्थमध्ये नाही, हे खरे. तरी त्याच घाटाखालच्या सिंधुदुर्गातील प्रशिक्षकांनी उंच, दणकट मुलांना धडकेइतकीच ही नजरही शिकवावी.