म्हसवडच्या बायकांची बँक

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. कारण प्रवर्तक सभासद निरक्षर, कागदावर नुसते अंगठे.

बायका साक्षरता वर्गात बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. कोणत्याही मुद्दलाचं व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे लोक कॅल्क्युलेटरशिवाय काढतील का, हा त्यांचा सवाल होता. केवढी हिंमत ही! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मजुरी बुडवून शाखेत येणं बायकांना परवडत नाही, म्हणून बँकच बचत गोळा करायला दारी जाऊ लागली. इतर सहकारी बँकांच्या संचालकांनी एकदा म्हसवडला जाऊन हे काम पाहावं.