सिंहराजाच्या रानात पहिले शील



आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. पण वर्षावास मुळात कशासाठी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विनयात त्याचे कारण दिले आहे. भर पावसात भिक्खू गावोगाव हिंडत, तेव्हा कोवळे गवत तुडवले जाते, बारीकसारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी तक्रार लोकांनी केली. भगवंतांनी ती ऐकली आणि पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे या नियमाच्या मुळाशी गवताचे पाते आणि किडामुंगी आहे. श्रीलंकेच्या रानात दोन दिवस राहिल्यावर या कारणाचा अर्थ नीट कळतो.

श्रीलंकेला जाणारे आपले बहुतेक लोक अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहतात, कँडीला दंतधातूचे दर्शन घेतात आणि परततात. कँडीला १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. तिथे नतमस्तक व्हायलाच हवे. परंतु आमच्या मंडळींनी आणखी दोन दिवस काढले आणि कोलंबोहून रत्नपुरा, कलवाना करत बसने सिंहराजा अरण्याच्या कुडावा या बाजूला गेलो. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारे हे सदाहरित वर्षावन. इथल्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक जाती श्रीलंकेबाहेर कुठेच आढळत नाहीत.

लॉज म्हणजे थाटमाट नव्हे. गावातल्याच एका कुटुंबाचे साधे घर, वर पत्रे, आत मच्छरदाण्या. जेवायला भात, कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या नारळाची चटणी. चहा कोरा, आणि सोबत तळहातावर गुळाचा खडा. तो चावायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. हा गूळ कितुलच्या झाडाचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या भेरली माडाचा. रात्री बेडूक आणि रातकिडे यांचा एवढा गलका की पोरांनी आधी कानांवर हात ठेवले, मग गाढ झोपली.

हत्ती-बिबट्या बघायला जाणाऱ्याची इथे निराशा होईल. इथे बघायचे ते लहान जीव. निळ्या अंगाचा, लाल चोचीचा कॅहिबेल्ला पक्षी लॉजच्या अंगणात येतो. पानांत हिरवा साप असा बसतो की वाटाड्याने बोट दाखवूनही दिसत नाही. सकाळी पक्ष्यांचा मोठा थवा जातो, त्यात अनेक जाती एकत्र असतात. आपल्या सातभाईचे भाऊबंद संख्येने जास्त, आणि कोतवाल पहारेकरी. एकाच्या हालचालीने उडालेले किडे दुसऱ्याला मिळतात, आणि शिकरा दिसला की एकाच्या ओरडण्याने सगळे सावध होतात. संघटनेचे महत्त्व सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

आणि जळवा! पाऊस पडला की पानापानांवर उभ्या राहून वळवळत असतात. इथे पहिल्या शीलाची परीक्षा होते. मीठ टाकले की जळू तडफडून मरते. गावकरी तसे करीत नाहीत. गुडघ्यापर्यंत जाड कापडी मोजे चढवतात, आणि चिकटलीच तर नखाने अलगद सोडवून बाजूला टाकतात. ती विषारी नसते, रक्त थोडा वेळ वाहते एवढेच. साबणाने धुतले की झाले.

दुसऱ्या संध्याकाळी न्हाणीघराच्या वाटेवर एक साप पडलेला दिसला. त्याला तिकडे कुणकटुवा म्हणतात. उंचवट्याच्या नाकाचा हा साप विषारी, आणि भारतात बनणारी सर्पविषावरची लस त्याला लागू पडत नाही. आमच्यातील एका उपासकाने काठी उचलली. वाटाड्याने हातानेच थांबण्याची खूण केली, लांब काठीवर सापाला उचलले आणि दूर पाचोळ्यात सोडले. मग बॅटरीचा झोत टाकून वाट पुन्हा तपासली आणि पोरांना चपला घालून चालायला लावले.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे आंधळे व्रत नव्हे. विचार करून वागण्याचे ते तत्त्व आहे. त्या वाटेवर गरज नव्हती, म्हणून साप जगला. गरज नव्हती, कारण त्या माणसाला साप ओळखता येत होता.

या रानालाही मारणारे भेटले. १८४० साली इंग्रजांनी कायदा केला, की ज्या रानाचा, पडीक जमिनीचा कागद कुणाकडे नाही ती सरकारची. गायरानाच्या पट्ट्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या बांधवांना हे ओळखीचे वाटेल. पुढे १९७० नंतरच्या काही वर्षांत प्लायवूडसाठी यंत्रे घुसली. लोकांनी विरोध केला आणि १९७७ च्या सुमारास तोड थांबली. १९८८ साली सिंहराजाला जागतिक वारशाचा मान मिळाला. आज आजूबाजूच्या गावांतलीच पोरे वाटाडे म्हणून पोट भरतात.

आता आपल्याकडे पाहू. विहारात पाणातिपाता म्हणायचे आणि वस्तीत साप निघाला की आधी लाठी शोधायची, असे अनेक ठिकाणी चालते. यात सापाइतकाच माणसाचाही जीव जातो, कारण साप मारायला जाणाऱ्यालाच पुष्कळदा दंश होतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. म्हणजे आपलीच माणसे.

भिक्खूला सर्पदंश झाल्यावर भगवंतांनी सर्पकुळांविषयीही मैत्री बाळगा असे सांगितले, हे सुत्तात आहे. पण त्याचा मंत्र करू नका. दंश झाला तर मांत्रिक नको, कापणे-चोखणे नको, करकचून बांधणे नको. तो अवयव न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर लस आहे.

विहार समित्यांना विनंती, की यंदाच्या वर्षावासात एक रविवार यासाठी ठेवा. या चार सापांची चित्रे लावा, सर्पमित्राचा आणि लस मिळणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर फळ्यावर लिहा. श्रीलंकेला जाणे सर्वांना परवडणार नाही. पण आंबोली, महाबळेश्वरची राने आपलीच आहेत, पावसाळ्यात जळवा तिथेही भेटतात. पोरांना एकदा एसटीने घेऊन जा. घाबरायचे कशाला आणि जपायचे कशाला, हे त्यांना कळू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!