हरवलेल्या माणसांची जाहिरात

दिवाळी अंकात भुताखेतांच्या गोष्टीला मानाचे पान असते, हे मी जाणतो. आणि त्या पानावर माझा मुळीच राग नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचल्यावर रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटे जायची ज्यांची छाती झाली नाही, त्यांतलाच मी एक. तेव्हा हा लेख भुतांच्या विरुद्ध आहे अशा समजुतीने कोणी पान उलटू नये. माझे भांडण भुताशी नाही. भुताला गिऱ्हाईक मिळावे म्हणून जे खोटे पंचनामे रचतात, त्यांच्याशी आहे.

या भांडणाचे मूळ एका अमेरिकन चित्रपटात आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हे त्याचे नाव, साल १९९९, दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. मेरीलँड राज्यातल्या बर्किट्सव्हिल नावाच्या खेड्याजवळच्या रानात तीन विद्यार्थी एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढायला जातात आणि १९९४ च्या ऑक्टोबरात नाहीसे होतात. वर्षाने त्यांनी घेतलेले चित्रण सापडते. तेच तुम्ही आता पाहणार आहात, असे पडद्यावर आरंभीच लिहून येते.

चित्रपट टाकाऊ आहे काय? छे! टाकाऊ असता तर मी लेखणी उचललीच नसती. त्यात चेटकीण एकदाही दिसत नाही आणि तरीही अंगावर काटा राहतो. तिघेजण दिवसभर एकाच दिशेने चालतात आणि अखेर सकाळच्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. आपल्या कोकणात कोणीही म्हातारा सांगेल, की याला ‘चकवा लागला’ म्हणतात. चित्रण उरकले अवघ्या आठ दिवसांत. कॅमेरे नटांच्याच हाती होते. दिग्दर्शक आडून त्यांना चिठ्ठ्या पोचवीत, रात्री त्यांचे तंबू हलवीत आणि रोजचा शिधा थोडाथोडा कमी करीत. म्हणून त्या पोरांच्या तोंडावरचे भय रंगवलेले वाटत नाही. ही कला आहे, आणि तिला माझा नमस्कार आहे.

पण एवढ्यावर या मंडळींचे समाधान झाले नाही. चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वीच, १९९८ साली, त्यांनी संगणकाच्या जाळ्यावर एक दालन उघडले आणि त्यात खोटे पोलिसी कागद आणि खोट्या मुलाखती खऱ्या म्हणून मांडल्या. १९९९ च्या जानेवारीत सनडान्सच्या महोत्सवात तर त्या तीन तरुणांची छायाचित्रे छापून ‘हे बेपत्ता आहेत’ अशी पत्रके वाटली. तिघेही नट चित्रपटात आपल्या खऱ्या नावांनीच वावरले होते. चित्रपटांची नोंद ठेवणाऱ्या एका प्रसिद्ध कोशात त्यांच्या नावांपुढे ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असे काही काळ झळकत राहिले. पोरे धडधाकट होती, जेवतखात होती. आणि हेदर डोनह्यू या नटीच्या आईला मात्र मुलगी गेल्याबद्दल सांत्वनाची पत्रे येत होती!

वाचकहो, जरा थांबा आणि विचार करा. ‘बेपत्ता’ या पत्रकाइतका गरीब आणि इतका पवित्र कागद दुसरा नसेल. त्यात अलंकार नसतो. नाव, वय, उंची, रंग, अंगावरचे कपडे, डाव्या गालावरची खूण, बस्स. आपल्या दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ म्हणून अशीच छायाचित्रे दाखवीत असत, तेव्हा जेवणारे घर घासभर थांबत असे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ‘आईने अंथरूण धरले आहे, असशील तेथून निघून ये, कोणी रागावणार नाही’ अशा चार ओळी येत. त्या लिहिणाऱ्या बापाने सारे उपाय थकल्यावर शेवटी अनोळखी माणसांच्या डोळ्यांवर हवाला ठेवलेला असे. हे पत्रक म्हणजे एका घराने साऱ्या समाजापुढे पसरलेला पदर. त्या पदरात तिकिटे विकणे हा धंदा कोणत्या न्यायाने क्षम्य ठरतो?

कोणी म्हणेल, ‘अहो, प्रेक्षक काय कुक्कुले बाळ आहे? आपला आजाही गोष्ट सांगताना ती खरीच घडली म्हणून सांगायचा!’ सांगायचा खरा. पण तो समोर बसून सांगायचा. सकाळी त्याला गाठून ‘आजोबा, ती हडळ खरी का हो?’ असे विचारता येत असे, आणि मिशीतल्या मिशीत त्याचे हसू दिसत असे. शिवाय गोष्ट रंगावी म्हणून तो चौकीवर जाऊन शेजारच्या पोराची बेपत्ता म्हणून नोंद करीत नसे. ऑर्सन वेल्सने १९३८ च्या ऑक्टोबरात परग्रहावरच्या स्वारीचे नाटक बातम्यांच्या थाटात नभोवाणीवरून ऐकवले. पण त्याच कार्यक्रमाच्या शेवटी हा सगळा खेळ होता, हे त्याने आपल्या तोंडाने सांगितले. तासाभराची थाप आणि महिनोन्‌महिने जोपासलेले कारस्थान यांत अंतर आहे.

आणि या थापेचे बिल कोणी भरले? बर्किट्सव्हिल हे दोनशेच्या आत वस्तीचे गाव. १८६२ च्या सप्टेंबरात यादवी युद्धाची लढाई त्याच्या वेशीपाशी झाली आणि तिथल्या देवळांतून जखमी सैनिकांची रुग्णालये उघडावी लागली. गावाचा खरा इतिहास हा. ‘ब्लेअर’ हे नाव त्या गावाला कधीही नव्हते; चेटकीण तर नव्हतीच. पण १९९९ पासून चेटकिणीच्या शोधात माणसांच्या झुंडी येऊ लागल्या आणि गावाच्या नावाच्या पाट्या पुनःपुन्हा चोरीला गेल्या. लाख डॉलरही न खर्चता घेतलेल्या चित्रणाने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. ज्यांची नावे आणि तोंडे विकून ही माया जमली, त्या तिघा नटांना २०२४ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आपल्या रास्त हिश्शासाठी जाहीर पत्र लिहावे लागले. हेदर डोनह्यूने तर पुढे आपले नावच कायदेशीर बदलून घेतले. बेपत्ता कोणी झाले नव्हते असे आता म्हणवत नाही. एका बाईचे नाव तेवढे बेपत्ता झाले.

तरीही कोणी म्हणेल, ‘तिथे बेपत्ता माणसेच खोटी होती, मग कोणाच्या जिवाला चटका बसला?’ ठीक. ही वाट पुढे कुठे गेली ते पाहा. दहा वर्षांनी, २००९ साली, ‘द फोर्थ काइंड’ हा चित्रपट आला. अलास्कातल्या नोम या समुद्रकाठच्या दूरच्या गावात माणसे नाहीशी होतात आणि त्यांना परग्रहावरचे कोणीतरी उचलून नेतात, अशी ही कथा. नायिकेचे काम करणारी मिला योवोविच आरंभीच प्रेक्षकांकडे पाहून सांगते, की हे सत्य घटनांवर आधारलेले आहे. मात्र या नोमला ना धड झाड, ना झुडूप. पडद्यावरचे दाट रानाचे नोम परमुलखात चितारलेले!

पण नोमला माणसे खरोखरच नाहीशी झाली होती. १९६० नंतरच्या दशकांतल्या अशा दोन डझन प्रकरणांचा अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने छडा लावला. त्यांत बहुतेक आसपासच्या खेड्यांतून आलेले मूळ रहिवासी होते. दारू आणि हाडे गोठवणारी थंडी, हा खात्याचा निष्कर्ष. नऊ जणांचे देहसुद्धा मिळाले नाहीत. आणखी एक गोष्ट त्याच गावची. २००३ च्या ऑगस्टमध्ये तिथली एक तरुण मुलगी बेपत्ता झाली आणि गावाबाहेर तिचे प्रेत मिळाले. मारणारा परग्रहावरून आला नव्हता. तो गावचाच पोलीस होता. २००५ साली तो दोषी ठरला.

ज्यांच्या घरी नऊ देह आले नाहीत, त्यांना हा चित्रपट सांगतो, की तुमची माणसे उडत्या तबकडीतून गेली! त्याच्या प्रसिद्धीसाठी अलास्कातल्या खऱ्या वृत्तपत्रांच्या नावावर खोट्या बातम्या रचल्या गेल्या. त्याबद्दल चित्रसंस्थेला तिथल्या पत्रकारांच्या संघाला २०,००० डॉलर देऊन मिटवामिटव करावी लागली. वृत्तपत्रांची अब्रू निदान एवढ्याला तरी गेली. त्या नऊ घरांच्या दुःखाची किंमत कोणी ठरवली नाही.

भुताची गोष्ट आणि बेपत्ता माणसाचा तपास यांत मूळचाच उभा दावा आहे. तपास विचारतो, ‘शेवटी कोणी पाहिले? बरोबर कोण होते? दारू कोणी पाजली? चौकीवर तक्रार का घेतली नाही?’ भूत या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देते आणि जबाबदार माणसाला घरी पाठवते. गोष्टीत ते उत्तर शोभते. तेच उत्तर सत्य म्हणून विकले की गुन्हेगाराची सोय होते.

आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. हरवलेल्या पोराचे छायाचित्र त्यावर येते. खरे की खोटे कळत नाही, म्हणून अंगठा ते पुढे सरकवतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत शेवटी खरा लांडगा येतो, हे आपण पोरांना सांगतो. पण तेव्हा मेंढरे कोणाची गेली, हे विचारायचे विसरतो.

माझे मागणे फार मोठे नाही. भिववा, खुशाल भिववा. रान दाखवा, चकवा दाखवा, अंधारात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस दाखवा. फक्त गोष्टीला गोष्ट म्हणा. ‘ब्लेअर विच’चे सारे बिंग फुटून पंचवीस वर्षे उलटली, तरी तो पाहताना लोक भितातच; म्हणजे ती थाप कलेला कधी लागतच नव्हती, ती फक्त गल्ल्याला लागत होती. भुते तुमची, ती तुम्ही पोटभर नाचवा. हरवलेली माणसे मात्र कोणाच्या तरी घरची आहेत, आणि त्या घरी अजून त्यांची वाट पाहत आहेत.