चक्रवाक गेले, पट्टा पडला

गेल्या आठवड्यात भल्या पहाटे राक्षसभुवनला गंगेवर गेलो. पाणी मागं सरून उघड्या पडलेल्या वाळूवर उभा राहिलो आणि कान देऊन ऐकलं. दिवाळीपासून पहाटे पलीकडच्या थडीवरून एक आवाज यायचा. घोगरा, नाकातून काढल्यासारखा, 'आंग्... आंग्' असा. सूर्य कासराभर वर आला तरी तो आला नाही. चक्रवाक गेले होते.

परत येताना गेवराईच्या अलीकडे चहाच्या टपरीशी एक ट्रॅक्टर थांबला होता. मागं दोन ट्रॉल्या. त्यांत बाजा, भांड्यांची पोती, कोपीचे बांबू, गुंडाळलेल्या चटया, कडेला बांधलेल्या दोन शेळ्या आणि सगळ्यात वर फडक्यात डोकी गुंडाळून झोपलेली लेकरं. "कुठून यायलेत?" म्हणून विचारलं, तर चहाचा कप हातात घेऊन उभा असलेला गडी हसला. "पट्टा पडला, भाऊ. घरी चाललोत."

पट्टा पडला म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला. बीडच्या माणसाला हिवाळा संपल्याची याहून वेगळी वर्दी लागत नाही.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. किनारा म्हणावा असा एकच, तो उत्तरेचा. नकाशात बीडची वरची कड पाहा, ती गोदावरीनं आखलेली आहे. अलीकडं गेवराई, माजलगाव, परळी; पलीकडं पैठण, अंबड, घनसावंगी, परतूर, पाथरी. आम्ही तिला गोदावरी क्वचितच म्हणतो. ती गंगा, आणि तिचा काठ म्हणजे गंगथडी. शहागडच्या पुलावर एसटी आली की आजही म्हाताऱ्या बाया खिडकीतून हात जोडतात, कनवटीचं नाणं काढून पाण्यात टाकतात.

या थडीवर पावलोपावली जुन्या खुणा आहेत. पांचाळेश्वरला नदीच्या पात्रातच महानुभावांचं आत्मतीर्थ आहे. मांजरथला सिंदफणा येऊन गंगेला मिळते. पुरुषोत्तमपुरीला पुरुषोत्तमाचं मंदिर आहे. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यानं तिथं धोंड्याच्या महिन्याची जत्रा भरेल. आणि राक्षसभुवनला 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो गंगेच्या साक्षीनं. निजाम पलीकडं उतरून गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह अलीकडं राहिला आणि मधून भरलेली नदी वाहत होती. पावसाळ्यात ही गंगा राज्यांचे निकाल लावते. फाल्गुनात तीच इतकी शांत होते की तिच्या काठी उभं राहून ऋतू बदलताना बघता येतो.

तो एका दिवसात बदलत नाही. माघात पहाटे पाण्यावरून वाफ निघते. महाशिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत थंडी निघाली, असं आजी म्हणायची, पण थडीवर तिचा पाय अडखळतो. होळीपर्यंत पहाटेची शाल सुटत नाही आणि दुपारी डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय भागत नाही. हुरडा सरतो, ज्वारी काढणीला येते, करडईचं पिवळं फूल तांबूस होत वाळतं. लिंब आपली सगळी पानं एकदम टाकून देतो आणि आठवड्याभरात तांबडी कोवळी पालवी घेऊन उभा राहतो. करंजाला हिरवी चकाकी येते. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या टाळ वाजवत जाऊन आल्या की समजायचं, आता पाडवा तोंडावर आला.

मला मात्र ऋतूचा खरा हिशेब वाळूवर दिसतो. बंधाऱ्यातलं पाणी उतरत जातं तसं ते प्रत्येक मुक्कामाला एक रेघ ओढून जातं. वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, बाभळीच्या शेंगा यांची ती बारीक रेघ. काठापासून पाण्यापर्यंत मी परवा अशा अकरा रेघा मोजल्या. सगळ्यात वरची पौषातली, सगळ्यात खालची कालची, अजून ओली. हिवाळा पायऱ्या उतरून खाली गेल्यासारखा.

आता पुन्हा चक्रवाकांकडे येतो. विटकरी-केशरी अंगाचं, फिकट डोक्याचं हे मोठं बदक. लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांच्या मुलखात त्याची वीण होते आणि तिकडं पाणी गोठू लागलं की ते आपल्याकडं उतरतं. जायकवाडीच्या जलाशयावर, माजलगाव धरणाच्या फुगवट्यावर, गंगेच्या पात्रात ते हिवाळा काढतं. त्याच्याबरोबर हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, हरभऱ्याच्या रानात उतरतात. संस्कृत कवींनी चक्रवाकांची जोडी अजरामर केली: रात्री नर एका तीरावर, मादी दुसऱ्या तीरावर, आणि रात्रभर एकमेकांना हाका. हे खरं-खोटं पक्षीतज्ज्ञ सांगतील. पण बीडमध्ये राहून ही गोष्ट ऐकली की मला कोयता आठवतो.

ऊसतोडीच्या बोलीत कोयता म्हणजे हत्यार तर खरंच, पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. मुकादम विचारतो, "गावातून किती कोयते येतील?" म्हणजे किती जोडपी. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॉलीत चढवायचं. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडून गावंच्या गावं निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. पुढं चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत संसार, पहाटेच्या अंधारात फडात कोयता आणि मोळीच्या सावलीत निजवलेलं तान्हं लेकरू. मागं गावात कुलपं आणि म्हातारी माणसं.

कार्तिकात चक्रवाक आपल्या थडीवर उतरतात तेव्हा आपली माणसं गाव सोडतात. फाल्गुनात चक्रवाक उत्तरेला निघतात तेव्हा ती परततात. लहानपणापासून मी हे पाहत आलो आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजत राहिलो. गेल्या आठवड्यात टपरीशी ती ट्रॉली पाहिली आणि एकाच सकाळी दोन्ही जवळ आल्या. त्या पाखराला तिबेटात आपलं तळं तसंच सापडावं लागतं. या लेकरांना आपलं घर, आपली शाळा, शाळेच्या पटावरचं आपलं नाव सापडावं लागतं. परतणाऱ्याला जागा लागते. ती राखणं हे मागं राहिलेल्यांचं काम असतं.

ही जागा राखण्याची गोष्ट मी आज मुद्दाम काढली, कारण थडीवरची एक जागा आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. ती म्हणजे वाळू.

पाहुणी पाखरं गेली म्हणजे थडी रिकामी झाली असं नाही. वसंत हा इथल्या पाखरांच्या विणीचा काळ, आणि त्यांतली कितीतरी पाखरं घरटं झाडावर बांधत नाहीत. नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या ही सगळी उघड्या वाळूवर अंडी घालतात. त्या सकाळी मी परत निघालो तर चिमणीहून जरा मोठं एक पाखरू पुढ्यात आलं, गळ्यात काळी कंठी, डोळ्याभोवती पिवळं कडं. एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर घासत ते लंगडत पुढं पळू लागलं. मी जागीच थांबलो. पाखरू असं लंगडण्याचं सोंग घेतं तेव्हा त्याचं घरटं आपल्या पायाजवळ असतं.

खाली वाकून दहा मिनिटं पाहिलं तेव्हा दिसलं. घरटं कसलं, वाळूत अंगठ्यानं दाबल्यासारखा एक खळगा, कडेला चार बारीक खडे. आत चार अंडी, निमुळती टोकं आत करून फुलासारखी मांडलेली. रंग हुबेहूब वाळूचा, त्यावर तपकिरी बारीक ठिपके. आणि त्या खळग्यापासून दोन हातांवर ट्रॅक्टरच्या टायरची खोल ताजी चाकोरी.

वाळू पुन्हा येईल, असं आपण धरून चालतो. पूर्वी येत होती. पण पैठणला गंगा अडवलेली आहे. जायकवाडी हे गाव खरं तर बीड जिल्ह्यातलं. धरण मुळात तिथं योजलं होतं, पुढं जागा बदलून पैठणला गेलं आणि नाव तेवढं आपल्या गावाचं राहिलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण. त्या धरणानं या मुलखाला पाणी दिलं, ऊस दिला, ते नाकारून चालणार नाही. पण वरून वाहत येणारी वाळू आता धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या तळाशी बसते. 2025 च्या सप्टेंबरात एवढा महापूर आला, थडीची रानं खरवडून गेली, घराघरांत गाळ शिरला. तरी उपसून नेलेल्या वाळूचे खड्डे काही भरून निघाले नाहीत. जी वाळू आज पात्रात आहे ती शतकांची साठवण आहे. काठच्या विहिरींचं पाणी तीच धरून ठेवते.

घाटाजवळ भेटलेल्या एका भोई तात्यांनी हेच दोन वाक्यांत सांगितलं. त्यांच्या तरुणपणी पाणी ओसरलं की पात्रात टरबुजांच्या वाड्या लागायच्या. वाळूत खड्डा घ्यायचा, खत घालायचं, बी टोचायचं. तात्या म्हणाले, "वाळूला ओल व्हती तव्हा टरबुजाला गोडी व्हती. आता नुसते खड्डे ऱ्हायलेत, त्यात लेकरू उतरवायचं भ्या वाटतं."

घरं बांधायला वाळू लागते, हे मला कळतं. माझंही घर वाळूचंच आहे. माझं मागणं लहान आहे. थडीच्या प्रत्येक गावानं आपल्या पात्रातली एक-दोन वाळूची बेटं फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत मोकळी सोडावीत. ग्रामसभेत हा विषय घ्यावा, शाळेच्या पोरांना तिथं नेऊन अंडी लांबून दाखवावीत. ज्या पोरानं एकदा ती चार अंडी पाहिली, ते मोठेपणी तिथून गाडी घालणार नाही.

त्या दिवशी मी घरट्याशी काही खूण ठेवली नाही. कावळा अशी खूण आधी ओळखतो. फक्त पुढं जाऊन चाकोरीवर बाभळीची एक वाळलेली काटेरी फांदी आडवी टाकली. ट्रॅक्टरवाल्याला काय कळणार, असं मनात आलंच.

परवा भर दुपारी पुन्हा गेलो. फांदी जागेवर होती आणि तिच्या अलीकडून चाकं वळसा घालून गेलेली वाळूत स्पष्ट दिसत होती. लांबूनच पाहिलं. वर ऊन मी म्हणत होतं. खळग्यावर ती कंठीवाली पाखरी पंख जरा पसरून उभी होती, अंड्यांवर आपल्या अंगाची सावली धरून.